फिजिक्सचं गणित अडलं की: आधी अडलेली ओळ शोधा, मग मदत मागा

अकरावी सायन्सला प्रवेश घेतलेल्या मुलांकडून पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "थिअरी कळते हो सर, पण न्युमरिकल सुटत नाही." मुलं खरंच सांगत असतात. दहावीपर्यंतच्या गणितात बहुतेक वेळा सूत्र एकच असायचं. दिलेल्या किमती त्यात घालायच्या आणि आलेलं उत्तर अधोरेखित करायचं. अकरावीत समोर पाच-सहा सूत्रं असतात, किमती अर्ध्या दिलेल्या आणि अर्ध्या वाक्यात दडलेल्या असतात, आणि कुठलं सूत्र कुठं लावायचं ते कुणी सांगत नाही. इथं मदत लागणारच, आणि ती बेधडक मागावी.

पण सर्रास मदत मागितली जाते ती अशी: पुस्तकाच्या पानाचा फोटो, खाली "हा सम येत नाही, प्लीज सोडवून द्या." समोरचा भला माणूस सगळं गणित सोडवून देतो. तुम्ही ते वहीत उतरवता, वाचताना प्रत्येक ओळ पटते, आणि चाचणीत आकडे बदलून तेच गणित आलं की पुन्हा कोरं पान. कारण तुमची अडचण सातपैकी एकाच ओळीत होती, आणि ती कुठली हे तुम्हालाही कळलं नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. म्हणून या लेखाचा बराचसा भाग मदत मागण्याच्या आधी काय करायचं यावर आहे. पुढच्या पायऱ्या क्रमानं करत गेलात तर निम्म्या वेळा गणित वाटेतच सुटेल. उरलेल्या वेळी निदान नेमका प्रश्न तरी हातात येईल.

पायरी १: प्रश्न पेन्सिल घेऊन वाचा

पहिल्या वाचनात फक्त गोष्ट समजून घ्या. कोण हलतंय, कुठून कुठं जातंय, शेवटी विचारलंय काय. दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात घ्या आणि दिलेली प्रत्येक राशी चिन्ह आणि एककासह समासात लिहा. विचारलेल्या राशीपुढे प्रश्नचिन्ह टाका.

खरी मेख आकड्यांत नसलेल्या माहितीत असते. फिजिक्सच्या गणितांची एक ठरलेली भाषा आहे, आणि त्यातला एकेक शब्द म्हणजे एकेक किंमत असते. 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' दिसलं की सुरुवातीचा वेग शून्य. 'युनिफॉर्म व्हेलॉसिटी' म्हटलं की त्वरण शून्य, म्हणून एकूण बलही शून्य. 'स्मूद' पृष्ठभाग म्हणजे घर्षण धरायचं नाही. 'लाइट' दोरी म्हणजे दोरीचं वस्तुमान सोडून द्यायचं. तशी दोरी बिनघर्षणाच्या हलक्या कप्पीवरून गेली असेल तर दोन्ही बाजूंचा ताण सारखाच. 'इनएक्स्टेन्सिबल' दोरी ताणली जात नाही, म्हणून तिच्या दोन टोकांना बांधलेल्या ठोकळ्यांच्या त्वरणाचं मूल्य एकच. हा एक शब्द सुटला की दोन अज्ञातांना एकच समीकरण उरतं आणि मुलं म्हणतात, डेटा अपुरा आहे. 'जस्ट बिगिन्स टू स्लाइड' म्हणजे घर्षण त्याच्या कमाल मर्यादेला पोचलंय.

एक शब्द मात्र फसवा आहे: 'ड्रॉप्ड'. छतावरून दगड सोडला तर त्याचा सुरुवातीचा वेग शून्य हे बरोबर. पण सेकंदाला १० मीटरनं वर चाललेल्या फुग्यातून सोडला तर? सुटण्याच्या क्षणी दगडाचा वेग फुग्याइतकाच, म्हणजे वरच्या दिशेनं १० मीटर प्रतिसेकंद असतो. तो आधी थोडा वर जातो, मग खाली येतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना एक आग्रहाची सूचना. नववीचं विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं पुस्तक रद्दीत देऊ नका. त्यातला 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा आणि त्यापुढचा 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा अकरावीभर उपयोगी पडतो, आणि दहावीच्या पहिल्या भागातला 'गुरुत्वाकर्षण'ही. विस्थापन, त्वरण, संवेग, जडत्व या कल्पना तुम्ही मराठीतून शिकलेल्या आहात. अकरावीत त्याच इंग्रजी नावांनी भेटतात. इंग्रजी पुस्तकाचं पान डोक्यावरून गेलं की आधी तो मराठी धडा वाचा आणि मग परत इकडे या. पुस्तक हाताशी नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. फिजिक्स अवघड वाटणाऱ्या कित्येक मुलांची खरी अडचण फक्त इंग्रजी वाक्याची असते, आणि ती वेळीच ओळखली तर लवकर दूर होते.

पायरी २: चित्र काढा आणि दिशा ठरवून टाका

चित्र सुबक नसलं तरी चालेल, पण त्यात एक बाण हवाच: धन दिशा कुठली? वरची धन म्हणा किंवा खालची, दोन्ही चालतं. मात्र एकदा ठरवली की गणित संपेपर्यंत बदलायची नाही. इथं सगळ्यात जास्त गणितं बिघडतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण पाहू.

२० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक दगड सरळ वर १५ मीटर प्रतिसेकंद वेगानं फेकला. तो जमिनीवर किती वेळानं पडेल? गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू.

बहुतेक मुलं लिहितात: यू (सुरुवातीचा वेग) = १५, ए (त्वरण) = −१०, एस (विस्थापन) = २०, आणि टी (वेळ) काढायची. मग सूत्र एस = यू × टी + ½ × ए × टीचा वर्ग. किमती घातल्या की २० = १५टी − ५टी². सगळं एका बाजूला आणून पाचानं भागलं की टी² − ३टी + ४ = ०. आता वर्गसमीकरणाचं सूत्र लावा. वर्गमुळाच्या आत ९ − १६, म्हणजे उणे ७. इथं पेन थांबतं आणि मुलगा म्हणतो, पुस्तकातच चूक आहे.

पुस्तकात चूक नाही. वरची दिशा धन धरली होती आणि दगड शेवटी जिथं पोचतो ती जागा फेकलेल्या जागेच्या २० मीटर खाली आहे, म्हणून एस = −२०. विस्थापन म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा दिशेसकटचा फरक. दगड मध्ये किती वर जाऊन आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता −२० = १५टी − ५टी², म्हणजे टी² − ३टी − ४ = ०, आणि टी = ४ किंवा −१. उत्तर ४ सेकंद.

पण इथंच वही मिटू नका, कारण या गणितात शिकण्यासारखं अजून बरंच आहे. एस = +२० घातलं तेव्हा समीकरणाला आपण नकळत विचारलं होतं: दगड गच्चीच्या २० मीटर वर केव्हा पोचेल? १५ च्या वेगानं फेकलेला दगड जास्तीत जास्त १५ चा वर्ग भागिले २०, म्हणजे ११.२५ मीटर वर जातो. २० मीटरवर तो कधीच पोचत नाही, आणि वर्गमुळातलं उणे हेच सांगत होतं. समीकरणानं खरंच उत्तर दिलं होतं, आपण प्रश्न दुसराच विचारला होता. आणि टी = −१ चं काय? दगड ४ सेकंदांनी जमिनीवर आपटतो तेव्हा त्याचा वेग १५ − ४० = −२५, म्हणजे खालच्या दिशेनं २५ मीटर प्रतिसेकंद. आता अशी कल्पना करा की तुम्ही फेकण्याच्या एक सेकंद आधी कुणीतरी जमिनीवरून २५ च्या वेगानं दगड वर फेकला. बरोबर एका सेकंदानं तो गच्चीपाशी १५ च्या वेगानं वर जाताना दिसेल, तुमच्याच दगडासारखा. उणे एक सेकंदाचा अर्थ हा आहे. वेळ उणे आली म्हणून ती खोडायची हे ठीक, पण ती का आली हे एकदा समजून खोडा.

पायरी ३: बलांचं चित्र, आणि प्रत्येक बलाला विचारायचा एक प्रश्न

गतीचे नियम सुरू झाले की फ्री बॉडी डायग्राम काढल्याशिवाय एकही ओळ लिहू नका. एक वस्तू निवडा, ती एकटी कागदावर काढा आणि तिच्यावर लागणारी बलं बाणांनी दाखवा. तिनं दुसऱ्यांवर लावलेली बलं या चित्रात येत नाहीत.

प्रत्येक बाण काढताना विचारा: हे बल कोण लावतंय? वजन पृथ्वी लावते. अभिलंब बल, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात लागणारं बल, टेबल किंवा जमीन लावते. ताण दोरी लावते. घर्षण खालचा पृष्ठभाग लावतो. ज्या बाणाचं उत्तर देता येत नाही तो पुसून टाका. 'एम गुणिले ए' असा बाण मुलं हौसेनं काढतात. तो लावणारं कुणीही नाही, सगळ्या बलांची बेरीज केल्यावर बरोबर चिन्हापलीकडे जे लिहायचं ते हे. तसंच वर फेकलेल्या चेंडूवर हाताच्या बलाचा बाण. चेंडू हातातून सुटला तेव्हाच हाताचं बल संपलं. हवेचा विरोध सोडला तर त्यानंतर त्याच्यावर फक्त पृथ्वीचं बल आहे, वर जाताना, सर्वोच्च बिंदूवर आणि खाली येतानाही.

लिफ्टच्या गणितांचंही असंच. लिफ्ट वर जाते की खाली, हे महत्त्वाचं नाही. त्वरण कुठल्या दिशेला आहे ते बघा. ६० किलोचा माणूस, लिफ्टचं त्वरण वरच्या दिशेनं २ असेल तर वजनकाट्यावरचं बल ७२० न्यूटन. तीच लिफ्ट वरच जातेय पण थांबायला आली म्हणून सेकंदाला २ नं मंदावतेय, तर ४८० न्यूटन.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण घर्षणाच्या गणितात जाणकारही घाईत घसरतात. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा ठेवलाय, स्थितिक घर्षणाचा (वस्तू हलत नसतानाच्या घर्षणाचा) गुणांक ०.६ आहे. ठोकळ्यावर घर्षण बल किती?

वजन ५० न्यूटन. उताराच्या दिशेनं खाली ओढणारा भाग ५० × साइन ३०, म्हणजे २५ न्यूटन. अभिलंब बल ५० × कॉस ३०, म्हणजे ४३.३. घर्षणाचं सूत्र म्यू (गुणांक) गुणिले एन (अभिलंब बल), म्हणजे ०.६ × ४३.३, सुमारे २६ न्यूटन. मुलं २६ लिहून मोकळी होतात. जरा थांबून विचार करा: खाली ओढणारं बल २५ आणि वर ओढणारं २६ असेल तर ठोकळा आपसूक उतार चढायला लागला पाहिजे! असा ठोकळा कुणी पाहिलेला नाही. म्यू गुणिले एन ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. घर्षण गरजेपुरतंच लागतं. इथं गरज २५ ची आहे आणि मर्यादा २६ ची, म्हणून घर्षण २५ न्यूटन आणि ठोकळा जागच्या जागी. मर्यादेपेक्षा गरज जास्त निघाली तरच ठोकळा घसरेल.

या गणितात आणखी एक नेहमीचा घोळ असतो: साइन कुठं आणि कॉस कुठं? पाठ करू नका, तपासा. कोन शून्य करून बघा. सपाट जमिनीवर घसरवणारं बल शून्य असतं आणि साइन शून्यही शून्य, म्हणून उताराच्या दिशेला साइन. कुठल्याही चित्रात ही युक्ती चालते, आणि तिला पाच सेकंदही लागत नाहीत.

पायरी ४: एककं सूत्रात शिरण्याआधी बदला

किलोमीटर प्रतितासला ५/१८ नं गुणलं की मीटर प्रतिसेकंद मिळतात. ७२ चे २०, ५४ चे १५. एवढं सगळ्यांना जमतं. घोटाळा होतो तो वर्ग आणि घन एककांत. एक मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग, पण एक चौरस मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा लाखावा भाग.

२ मीटर लांब, १ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी तारेला ५ किलो वजन टांगलं. तार किती लांबेल? पोलादाचा यंग गुणांक २ गुणिले १० चा ११ वा घात धरला तर उत्तर सुमारे ०.६४ मिलिमीटर येतं. व्यासालाच त्रिज्या समजलात तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि उत्तर ०.१६ मिलिमीटर. क्षेत्रफळ बदलताना हजाराचा वर्ग करायला विसरलात तर उत्तर हजारपट लहान. पद्धत तिन्ही वेळा एकच असते, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. प्रश्नात व्यास दिलाय की त्रिज्या, याखाली पेन्सिलनं रेघ मारायची सवय लावा.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची मानू नका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ साली मंगळापाशी पोचताना गमावलं गेलं. एका सॉफ्टवेअरनं आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले होते आणि पुढच्या सॉफ्टवेअरनं ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. एक पाउंड-फोर्स म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन, तेवढा फरक यान गमवायला पुरला. एकक न लिहिलेला आकडा मी अर्धा आकडा मानतो.

पायरी ५: आकडे शेवटच्या ओळीत घाला

पहिल्याच ओळीत आकडे कोंबले की दोन तोटे होतात. एक म्हणजे काय कटलं ते कळत नाही. वरच्या उतारावर ठोकळा घसरत असेल तर त्याचं त्वरण जी × (साइन थीटा − म्यू × कॉस थीटा) इतकं येतं, म्हणजे वस्तुमान कुठेच नाही. ही केवढी सुंदर गोष्ट! पण पहिल्या ओळीपासून ५ घेऊन चाललेल्या मुलाला ती दिसतच नाही. दुसरा तोटा आकडेमोडीचा. बोर्डाच्या बारावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. अक्षरांनी शेवटपर्यंत गेलात तर लॉग एकदाच काढावा लागतो.

लॉग टेबलवर अकरावीतच हात बसवा. त्यातली ठरलेली चूक म्हणजे बार, आकड्याच्या डोक्यावरची आडवी रेघ. ०.००३५२ चा लॉग बार ३ आणि पुढे .५४६५ असा लिहितात. बार फक्त ३ वर आहे. दशांशाचा भाग नेहमी धनच असतो. म्हणजे ही संख्या उणे ३ अधिक ०.५४६५, अर्थात −२.४५३५ आहे. तिला −३.५४६५ समजलात तर अँटिलॉग ०.००३५२ ऐवजी ०.०००२८४ येईल, म्हणजे बारापटींहून जास्त चूक, आणि पायऱ्या सगळ्या बरोबर असल्यामुळे ती शोधायला तास जाईल.

बायोलॉजीसाठी गणित सोडलेल्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अकरावी फिजिक्सचा दुसराच धडा सदिश आणि कलनाची तोंडओळख करून देतो, आणि तो बरेच जण वरवर उरकतात. गणिताच्या तासाला त्याचा सराव होणार नाही, तेव्हा तो धडा तुम्हालाच दुप्पट मेहनतीनं करावा लागेल. पुढे अडलेलं गणित फिजिक्सचं वाटतं, पण अडलेली ओळ बऱ्याचदा सदिशाचे घटक पाडण्याची असते.

पायरी ६: उत्तर खरं वाटतंय का?

मागच्या पानावरचं उत्तर बघण्याआधी स्वतःला विचारा. त्यासाठी काही आकडे तोंडपाठ असू द्या. माणूस साधारण १.४ मीटर प्रतिसेकंद वेगानं चालतो. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, म्हणजे सरासरी १०.४ मीटर प्रतिसेकंद. हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४०. पृथ्वीची त्रिज्या साधारण ६४०० किलोमीटर. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल. सायकलस्वाराचा वेग ३०० आला तर तो ध्वनीशी शर्यत लावतोय, मागे जाऊन एककं तपासा.

पायरी ७: आता मदत मागा

इथपर्यंत येऊनही गणित अडलेलंच असेल तर तुमच्याकडे चित्र, दिलेल्या किमती, ठरवलेली दिशा आणि काही ओळी आहेत. जिथं थांबलात तिथं समासात फुली मारा. आणि मग मेसेज असा लिहा:

"सर, नमस्कार. लॉज ऑफ मोशनमधलं गणित आहे. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा, म्यू ०.६, घर्षण बल विचारलंय. मी म्यू गुणिले एन करून २६ न्यूटन काढलं. पण उतारावरून खाली ओढणारं बल २५ च येतंय. मग ठोकळा वर जाईल, जे शक्य नाही. इथं घर्षण पूर्ण २६ धरायचं का, एवढंच कळत नाहीये. वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवलाय. सवडीनं सांगितलंत तरी चालेल."

याला शिक्षक एका ओळीत उत्तर देतील: "म्यू एन ही कमाल मर्यादा आहे, गरज किती आहे ते बघ." ती एक ओळ तुमच्या कायमची लक्षात राहील, कारण प्रश्न तुमचा होता. फोटो उजेडात, सरळ आणि पूर्ण पानाचा काढा. प्रश्नाचं मूळ वाक्य जसंच्या तसं द्या, आपल्या शब्दांत सांगू नका. 'स्मूद'सारखा एखादा शब्द सांगताना गळतो आणि समोरचा तासभर घर्षण शोधत बसतो. एका वेळी एकच गणित पाठवा.

विचारायचं कुणाला? कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना दोन तासांच्या मधल्या घाईत गाठू नका. प्रॅक्टिकलच्या वेळी निरीक्षणं घेऊन झाल्यावर ते बोलायला मोकळे असतात. माझ्या मते सगळ्यात चांगली मदत वर्गातल्या अशा मित्राकडून मिळते जो हाच धडा नुकताच अडखळत शिकलाय. त्याला अडलेली जागा ताजी आठवत असते. वर्गातल्या पहिल्या नंबरला ती आठवेलच असं नाही. बारावीची ताई किंवा दादा ओळखीचे असतील तर त्यांना अवश्य विचारा. त्यांचाही धडा पक्का होतो.

गाईडमधलं उत्तर बघायचं असेल तर कोऱ्या कागदानं झाका आणि एकेक ओळ उघडा. अडलेली ओळ दिसली की गाईड बंद करून पुढचं स्वतः सोडवा. फोनवरच्या एआयला विचारत असाल तर स्पष्ट सांगा की पूर्ण उत्तर नको, फक्त पुढची एक पायरी सुचव. आणि आलेल्या उत्तराला पायरी ६ लावा. एआय चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं.

आणि सर समजावत असताना कळलं नाही तर मान डोलावू नका. "सर, तिसऱ्या ओळीत एनची किंमत कुठून आली?" असं थेट विचारा. कुठलाही चांगला शिक्षक या प्रश्नानं सुखावतो. मुलगा खरंच ऐकतोय याची त्याहून चांगली खूण नाही.

पायरी ८: मदत मिळाल्यावरचा अर्धा तास

उत्तर कळलं की लगेच पुढच्या गणिताकडे पळू नका. वही मिटा आणि तेच गणित कोऱ्या कागदावर पहिल्यापासून करा. बघून कळलेलं आणि हातानं आलेलं यांत किती अंतर असतं ते तिथं दिसतं. मग गणिताच्या शेजारी एका ओळीत लिहा, अडलो कुठं: "विस्थापनाचं चिन्ह", "म्यू एन ही मर्यादा", "व्यास की त्रिज्या". महिनाभरानं या ओळी एकत्र वाचल्यात तर त्याच त्या दोन-तीन चुका वेगवेगळ्या धड्यांत दिसतील. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायला याहून चांगल्या नोट्स नाहीत.

त्यानंतर एक किंमत स्वतः बदला आणि उत्तर कुठल्या बाजूला सरकेल याचा आधी अंदाज करा. वरच्या उतारावर दोन्ही घर्षणगुणांक (स्थितिक आणि घसरतानाचा) ०.५ धरा. मर्यादा येते ०.५ × ४३.३, म्हणजे २१.६५ न्यूटन, आणि गरज २५ चीच. आता ठोकळा घसरणार. बल उरलं ३.३५ न्यूटन, त्वरण सुमारे ०.६७ मीटर प्रतिसेकंद वर्ग. मग ०.६ आणि ०.५ च्या मध्ये नेमक्या कुठल्या किमतीला तो घसरायला लागेल, हे स्वतः शोधा. सुरुवात सूत्रानं करू नका. मर्यादा आणि गरज समान लिहा आणि वस्तुमान कुठं जातं ते पाहा. जमलं नाही तर जिथं थांबलात तिथं फुली मारा आणि उद्या प्रॅक्टिकलला वही घेऊन जा.